सातवा ठोका

४ फेब्रुवारी

ताई,

उभ्या उभ्या वाचू नकोस, आधी बूड टेकव. पोट सांभाळून. फोन केला की आई शेजारी येऊन बसते आणि मग तू "हो, बरं, जेवलास का" एवढंच बोलतेस, म्हणून पत्र. शिवाय इथे गोदीच्या फाटकावर फोन काढूनच घेतात, ठिणगीला निमित्त नको म्हणे. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण तू लावशील. सातवीपर्यंत माझे निबंध तूच लिहिलेस, आणि सातवीनंतर मी निबंधच ठेवले नाहीत.

काम सांगतो. जहाजाच्या पोटात लोखंडी टाक्या असतात, एकेक आपल्या बाहेरच्या खोलीएवढी. शिरायला एकच गोल भोक, खांदे आखडून घेतले तर माणूस जातो. आम्ही सहा जण आत उतरतो आणि दिवसभर गंज खरवडतो. रंग मारायला दुसरे येतात. मुकादम म्हणतो, गंज मरत नाही रे, आपण नुसतं त्याच्यावर पांघरूण घालतो.

भोकाशी बाहेर एक म्हातारा बसतो. त्याला सगळे मोजतात्या म्हणतात. माझ्याच खोलीत राहतो. त्याने आत यायचं नाही, खरवडायचं नाही, फक्त बसायचं आणि मोजायचं, किती गेले, किती आले. दर दहा मिनिटांनी तो पान्याने टाकीवर तीन ठोके मारतो. आतून आम्ही ओळीने एकेक ठोका परत द्यायचा. सहा जण, सहा ठोके. आत हवा बिघडली, कोणी आडवा झाला, तर ठोका कमी पडतो आणि तो शिट्टी फुंकतो. पहिल्या दिवशी मी हसलो होतो. म्हटलं, बसून खायची नोकरी आपल्याला का नाही मिळत.

परवा त्याने शिट्टी फुंकली. आम्ही धडपडत बाहेर. सहाच्या सहा. म्हातारा पांढराफटक.

"कितवा कमी पडला?" मुकादमाने विचारलं.

"कमी नाही. जास्त पडला. सात आले."

मुकादमाने त्याचा उद्धार केला. लोखंड घुमतं, तात्या, कान धुवून घ्या. सगळे हसले. मीही हसलो. पण ताई, तो ठोका मी ऐकला. ओळीत शेवटचा मी. माझ्यानंतर, माझ्या डाव्या अंगाला, हळूच. लहान हाताने मारल्यासारखा.

असो. तेव्हापासून डाव्या बरगडीखाली आग होतेय. दिसत काही नाही. शर्ट घासला तरी ओरडावंसं वाटतं. दोन महिने दोन-दोन पाळ्या ओढतोय, त्याचं असेल.

बाळंतपणाला येतोच. एप्रिलचा पहिला आठवडा ना? मामाशिवाय बाळ बाहेर यायचं नाही.

तुझा
भिरभिऱ्या


९ फेब्रुवारी

भिरभिऱ्या,

बसून वाचलं. आता उठताना कोणीतरी हात द्यावा लागतो, आणि तुझे भावजी नेमके तेव्हाच घराबाहेर असतात.

माझं तेच चाललंय. सकाळी आठपासून तपासणी केंद्राच्या खिडकीमागे बसते आणि लोकांच्या शिरा शोधते. काल एक पैलवानासारखा गडी सुई बघून सरळ माझ्या अंगावर कलंडला. पोटातल्याने लाथ मारून त्याला बाजूला केलं म्हण.

पत्र आलं तेव्हा आई भाजी निवडत होती. "काय म्हणतो?" एवढं विचारलं, आणि मी सांगायच्या आत उठून वाळलेले कपडे घड्या घालायला गेली. तुला माहीतच आहे.

सातवा ठोका तुझ्या रिकाम्या पोटाचा असणार. नीट जेव, एक पाळी सोड.

पण आगीचं मला आवडलं नाही. काही दिसत नाही आणि आग होते, तेही एकाच बाजूला. तिथे लाल पुरळ उठलं, पाण्याचे बारीक फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झालं तर फरक पडतो. आणि फोड आले तर आधी मला कळव, मगच तिकिटाचं बघ. का, ते नंतर सांगेन.

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

मांत्रीण आहेस का गं तू? पत्र हातात पडलं त्याच्या आदल्या दिवशीच फोड आले होते.

तुला आधी कळवायचं होतं, तसं कळवतो. पण तिकीट काढून झालंय. चोवीस तारखेची गाडी. ऐक का ते.

मोजतात्याने शर्ट वर करून बघितलं आणि तो मागेच सरला. म्हणाला, नागीण आहे. कण्यापाशी शेपूट, पुढे तोंड. रोज थोडी सरकते. अंगाला वळसा घालून तोंड आणि शेपूट जुळलं की खेळ खलास. त्याच्या भावाचं जुळलं होतं म्हणे. डॉक्टरकडे जा म्हणणारा एकही भेटला नाही, सगळे फक्त येऊन बघून जातात, आणि जाताना आवाज खाली करून बोलतात.

मी एक दोरी घेतलीय. रोज आंघोळीनंतर कमरेवर धरतो. जिथे शेपूट तिथे एक गाठ, जिथे तोंड तिथे दुसरी. बुधवारी तोंड बरगडीच्या टोकाला होतं. आज बेंबीपासून चार बोटं. तेव्हा चोवीसपर्यंत वेळ आहे असा माझा हिशोब आहे. तुला आणि तुझ्या पोटाला बघून घेतो, मग जुळू दे काय जुळायचं ते.

अजून एक, आणि यावर हसू नकोस. बाजूला पाच फोड आहेत, वर एका ओळीत, आणि त्यांच्या खाली एक मोठा लाल चट्टा. आरशात बघितलं तर हात दिसतो. लहान हात, बोटं पसरलेला. आपला धाकटा टिल्या असाच झोपायचा. माझ्या डाव्या अंगाला, हात बरगडीखाली खुपसून. कांजिण्या आल्या तेव्हाही तसाच. मला आधी आल्या, मग त्याला. मी सहा वर्षांचा, तो दोन. मी बरा झालो.

आईला सांगू नकोस.

भिरभिऱ्या


१८ फेब्रुवारी

तिकीट रद्द कर. आधी रद्द कर, मग पुढचं वाच.

नागीण म्हणजे साप नाही आणि ती कुठून चढलेली नाही. वीस वर्षं ती तुझ्यातच आहे. कांजिण्या बऱ्या होतात म्हणजे काय होतं, तर ताप उतरतो, खपल्या पडतात, आणि विषाणू जात नाही. तो नसांच्या वाटेने मागे सरकत कण्यापाशी जातो. तिथे मज्जापेशींच्या गाठी असतात, त्यांत शिरतो आणि बसतो. वाढत नाही, हलत नाही, नुसता असतो. माणूस असेपर्यंत. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, माणसात असे मुक्काम करणारे आठ आहेत, सगळे एकाच घराण्यातले. तापात ओठावर फोड आणतो तोही त्यातलाच. माझ्या खिडकीसमोरच्या रांगेतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या आत एखादा तरी आहे. हे ऐकल्यापासून शीर शोधताना मला वाटतं, माणूस एकटा नाही बसलेला समोर.

मग आपण जगतो कसे? तुझ्या मोजतात्यासारखं कोणीतरी आत असतं म्हणून. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी त्या विषाणूचं तोंड एकदा बघतात आणि जन्मात विसरत नाहीत. त्या त्याच्या दाराशी जाऊन बसतात. दार फोडून मारता येईल त्यांना. मारत नाहीत. कारण मज्जापेशी मेली तर पुन्हा उगवत नाही. घरातला चोर मारायचा म्हणून घर जाळायचं नसतं. तो हलला की त्या काहीतरी असं सोडतात की तो गप्प होतो, आणि घर शाबूत राहतं. वर्षानुवर्षं हेच. तू झोप मोडलीस, दोन पाळ्या ओढल्यास, पहारा ढिला पडला आणि तो नसेवरून बाहेर आला. एवढंच आहे.

आणि तुझी दोरी. कण्यातल्या एका गाठीतली नस अंगाच्या एकाच बाजूला जाते, कण्यापासून पुढे मध्यापर्यंत. तिथे ती संपते. तोंड-शेपूट जुळायला पलीकडची नसही पेटावी लागते, आणि तेवढा पहारा तुझा उठलेला नाही. दोरी धरून बघ, बेंबीशी थांबेल. मोजतात्याचा भाऊ गेला असेल तर आधीच कसल्या तरी मोठ्या आजाराने खंगलेला असणार.

आता का येऊ नकोस. त्या फोडांतलं पाणी लागलं तर ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला त्या होतात. मला झालेल्या नाहीत. आठव, तुम्ही दोघं आजारी होतात तेव्हा मी मावशीकडे होते. लस मी घेतली नाही आणि पोटुशीला ती देत नाहीत. मला आठवा लागलाय. आत्ता झाल्या तर माझ्या फुफ्फुसात उतरू शकतात, आणि बाळंत होता होता झाल्या तर बाळाच्या जिवावर. टिल्याचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे.

मी तुला नको म्हणत नाही. आत्ता नको म्हणतेय. डॉक्टरकडे जा. उशीर झाला असला तरी जा.

ताई


२३ फेब्रुवारी

ताई,

रद्द केलं.

डॉक्टरकडेही गेलो. उशीर झाला म्हणून ओरडला, मग दिवसातून पाच वेळा घ्यायच्या गोळ्या दिल्या. फोड बसले, खपल्या धरल्या. दोरी बेंबीच्या एक बोट अलीकडे थांबली. मोजतात्याला दाखवली तर म्हणाला, दोरी ताणली असशील.

तू पानभर लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं. तुला वाटलं असेल, मला धीर येईल. आला. पण दुसरंही कळलं.

जो टिल्याला घेऊन गेला तो मेलेला नाही. तो माझ्या कण्यात आहे. वीस वर्षं मी जिथे गेलो तिथे तो आला. विटांच्या भट्टीवर, त्या बर्फाच्या कारखान्यात, मग इथे. तुम्ही सगळे म्हणता भिरभिऱ्याचा पाय एका जागी ठरत नाही. कसा ठरेल? मला आधी आल्या. तो माझ्याजवळ झोपायचा. मी त्याला ढकललं नाही, कारण गार रात्री त्याचा हात गरम लागायचा. आई तेव्हापासून माझ्याकडे सरळ बघत नाही. चौदाव्या वर्षी घर सोडलं ते काय मला जग बघायचं होतं म्हणून?

घरात टिल्याचं काही ठेवलेलं नाही. फोटो नाही, झबलं नाही. म्हणून सोबत पुडी आहे. त्यात पाच खपल्या आहेत, बोटांच्या. आपल्या आपण पडल्या, मी ओढल्या नाहीत. त्याच्यातून माझ्यात किंवा माझ्यातून त्याच्यात, जे काय ते, यातच होतं. त्याचं म्हणून दाखवण्यासारखं जगात एवढंच उरलंय. कुठेतरी ठेव.

मी येणार नाही. एप्रिलमध्येही नाही. ज्याने एक लहान जीव निजवून मारला, त्याच्या मांडीवर दुसरा कशाला देतेस?

भिरभिऱ्या


१ मार्च

गाढवा,

पुडी मी स्वयंपाकघरात उघडली. आधी पुडी, मग पत्र, कारण वाटलं तू बाळासाठी काही पाठवलंस. खपल्या मांडीवर सांडल्या. वाळलेल्या खपलीतून काही लागत नाही, हे मी रोज दहा जणांना सांगते. पण सांगणं वेगळं आणि मांडीवर पडणं वेगळं. मी किंचाळले.

आई धावत आली. मी म्हटलं, हात लावू नकोस, भिरभिऱ्याच्या नागिणीच्या आहेत, मला कांजिण्या होतील. तिने ऐकलं. आणि मग एकेक खपली बोटांनी उचलून तळहातावर घेतली. पाचही. घाई नाही, काही नाही.

"तुला काही होत नाही," म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"तुला झाल्यात."

मग ती तिथेच फरशीवर बसली आणि ओट्याच्या पायाकडे बघत बोलली. माझ्या कानामागे चार होत्या आणि केसांत दोन. तुझ्या आधी पंधरा दिवस. ताप नाही, खाज थोडी. तिला घामोळं वाटलं. माझ्या वर्गातल्या मुलींना येऊन गेल्या होत्या, ते तिला मागून कळलं. तुला आल्या तेव्हा तिच्या लक्षात आलं की कोणी आणल्या. मला मावशीकडे धाडलं ते मला लागू नयेत म्हणून नाही. मला कळू नये म्हणून.

मी विचारलं, आणि टिल्या?

"त्याला भिरभिऱ्याजवळ मीच निजवलं," म्हणाली. "सगळ्या सांगत होत्या, लहानपणी एकदाच होऊन जाऊ दे, म्हणजे जन्माची कटकट गेली. त्याची छाती नाजूक, ते मला ठाऊक होतं. तरी उचललं आणि ठेवलं."

भिरभिऱ्या, तो आपण होऊन तुझ्याजवळ झोपायचा नाही. त्या आठवड्याआधी तो तिच्या कुशीत झोपायचा. तुला ते आठवत नाही, कारण तू तापात होतास.

मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, त्या पोराने वीस वर्षं स्वतःला खुनी समजलं आणि तू कपडे घड्या घालत बसलीस? ती म्हणाली, "त्याच्याकडे बघितलं की मला माझे हात दिसतात. तुला तरी मोकळं ठेवावं म्हटलं. दोघांना नाही जमलं."

दुसऱ्या दिवशी मी स्वतःचंच रक्त काढायला लावलं. नळीवर स्वतःचं नाव स्वतःच लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी निकाल दाखवला. जुन्या कांजिण्यांची खूण ठळक. नव्याची काहीच नाही.

तेव्हा आता नीट वाच. तुझ्यात आहे ते टिल्याचं नाही. तुझंही नाही. ते माझं आहे. माझ्याकडून तुला, तुझ्याकडून त्याला. माझ्याही कण्यात कुठल्या तरी गाठीत तेच बसलंय, आणि त्याच्या दाराशी माझा मोजतात्या. आपण तिघं एकाच अंथरुणात आहोत म्हण अजून.

आणि हे मी डॉक्टरीणबाईंना दोनदा विचारून घेतलं. त्या विषाणूला ओळखायला माझ्या रक्ताने जे तयार केलंय ते नाळेतून बाळाकडे जातंय. पहिले काही महिने बाळाला तो पहारा पुरतो. ज्याने टिल्या गेला, त्याचीच ओळख घेऊन हे पोर येतंय.

पुडी आईने परत बांधली. फेकली नाही. कुठे ठेवली ते मी विचारलं नाही. काल मी खोलीत गेले तर ती भिंतीकडे तोंड करून आडवी होती, एक हात डाव्या बाजूला पसरून, जशी कोणाला तरी जागा करून दिलीय.

तुझ्या खपल्या सगळ्या पडल्या असतील तर तुझ्यापासून आता कोणालाच काही नाही. ये.

ताई


७ मार्च

ताई,

पत्र खिशात घेऊन टाकीत उतरलो. अख्खा दिवस काय खरवडलं ते मला ठाऊक नाही. आईचा राग येईल म्हणून वाट बघतोय. अजून आला नाही. आला तर तिकडे येऊनच काढीन.

तुझा पण येत नाही. कानामागे चार! वीस वर्षं मी छाताडावर धोंडा घेऊन फिरलो आणि तू कानामागे टाकलंस.

मोजतात्याला सगळं सांगितलं. त्याने पाना खाली ठेवून ऐकलं. म्हटलं, तात्या, तुमच्यासारखेच असतात म्हणे आत, मारत नाहीत, दाराशी बसतात. त्याने पाना पुन्हा उचलला. मग म्हणाला, "त्यांना सुट्टी असते का?" मी म्हटलं, नाही. "मग बरोबर," म्हणाला.

एक पाळी सोडली. दोन एप्रिलची गाडी. खपली एकही नाही, डॉक्टरने बघितलं. दोरी पाठवतो, दोन गाठींची. खरंच बेंबीशी थांबली.

भिरभिऱ्या


२५ एप्रिल

ताई,

पोचलो. गाडीत माझ्यासमोर एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती, मी सगळा प्रवास तिला सांगत होतो की आमची भाची याच्यापेक्षा लांब श्वास घेते. शेवटी तिने जागा बदलली.

तिथे एक सांगायचं राहिलं. तू झोपली होतीस तेव्हा आई माझ्यापाशी आली. शर्ट वर कर म्हणाली. मी केला. तिने डाव्या बरगडीखालचे डाग बोटाने मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. मग आपला तळवा त्यावर ठेवून बघितला. मोठा पडला. तशीच बसली, आणि मग तिने वर माझ्याकडे बघितलं. मीच आधी नजर काढली, ताई. वीस वर्षांची सवय.

मग तिने बाळाला आणून माझ्या डाव्या अंगाला निजवलं. स्वतः. त्याच हातांनी. मी म्हटलं, आई, नको. ती म्हणाली, "निजू दे." बाळाने हात बाहेर काढला आणि कुठे ठेवला ते तुला सांगायला नको. अंग दुखून आलं होतं, पण मी हललो नाही. बाळ आणि मी, दोघांचे श्वास ऐकू येत होते. मी मोजले. तिसराही होता, आईचा नाही. आईनेही मोजला असणार, कारण ती उठली नाही.

इथे कालपासून नव्या जहाजाच्या टाकीत आहोत. आज सकाळी मोजतात्याने तीन ठोके दिले. पाच झाले, सहावा मी दिला. मग थांबलो. माझ्या डाव्या अंगाला, हळूच, सातवा.

भोकातून म्हाताऱ्याचं तोंड डोकावलं. शिट्टी ओठात. माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "राहू द्या तात्या. आमचाच आहे."

त्याने शिट्टी खिशात टाकली आणि परत जाऊन बसला.

भिरभिऱ्या